अकराची फट

किनुए हिबिनो 'मिकाझुकी'त कामाला लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आणि पहिले तीन महिने तिनं दुकानाची पुढची बाजू धड पाहिलीसुद्धा नाही. तिचं काम मागं होतं. पाचिंकोच्या मशिनांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या, आणि त्या दोन पाठींच्या मधे जेमतेम एका माणसाला आडवं सरकता येईल एवढा बोळ. त्या बोळात चार पोरी दिवसभर राबायच्या. पुढं गिऱ्हाईक दांडा दाबून पोलादी गोटी वर उडवायचं. गोटी काचेआडच्या खिळ्यांवरून ठेचकाळत खाली यायची. फळीवरच्या एखाद्या गलीत, म्हणजे खळग्यात, पडली तर पंधरा गोट्या खळाळत त्याच्या पुढ्यात. नाही पडली तर तळाच्या भोकातून थेट बोळात. पोरींनी त्या गोट्या गोळा करायच्या, फडक्यात घोळून पुसायच्या, आणि घमेल्यानं उचलून पुन्हा मशीनच्या डोक्यावरच्या टाकीत ओतायच्या. मधेच कुठलं मशीन अडायचं. मग काचेवर टकटक व्हायची.

"अहो आतल्या बाई! माझ्या पंधरा खाल्ल्या की यानं!"

किनुए अडकलेली गोटी तारेनं ढोसून मोकळी करायची. तिला गिऱ्हाइकांचे चेहरे माहीत नव्हते, टकटक माहीत होती. बंदरावरचे हमाल मुठीनं ठोकायचे, कारकून नखानं वाजवायचे, आणि एक म्हातारा टोपीवाला दर वेळी आधी खोकायचा, मगच ठोकायचा, जणू कुणाच्या घरी आला आहे.

ते साल १९५५. भराभर गोट्या ओकणारी मशिनं बंद करायचा हुकूम नुकताच निघाला होता, आणि नागोयाच्या बंदर भागातली निम्मी दुकानं उठली होती. मिकाझुकी टिकलं ते फुमियामाच्या हातावर, असं सगळे म्हणायचे.

फुमियामा खिळेवाला होता. दुकान दहाला उघडायचं. तो सकाळी सातलाच यायचा, पितळी डोक्याची हातोडी आणि मापाच्या काड्यांची जुडी घेऊन. एका मशीनच्या फळीवर अडीचशेच्या वर पितळी खिळे, सगळे किंचित वर माना केलेले. त्यातला कुठला केसभर डावीकडे आणि कुठला केसभर उजवीकडे, यावर त्या दिवसाचं दुकान चालायचं. रोज सकाळी दिवा धरायला कुणीतरी लागायचं. मालकीणबाईंनी किनुएला पाठवलं, कारण बाकीच्या तिघी बडबड्या होत्या.

"दिवा हलतोय," तो पहिल्याच दिवशी म्हणाला.

"हात दुखतोय माझा."

"हात तुझा आहे, दिवा माझा आहे. दिवा हलू देऊ नकोस."

महिनाभर त्यांचं एवढंच बोलणं. पण बघून बघून किनुएला समजायला लागलं. गोटी अकरा मिलिमीटरची. प्रत्येक गलीच्या डोक्यावर दोन खिळे असत, दरवाजाच्या दोन खांबांसारखे. धंद्यात त्यांना जीवखिळे म्हणत. त्यांच्यातली फट तेराची ठेवली तर गोटी आनंदानं आत शिरायची. बाराची ठेवली तर विचार करायची. साडेअकराची ठेवली तर शंभरात एखादी.

"मग सगळेच मिटवून टाका की," एक दिवस ती म्हणाली. "मालकीणबाईंचा फायदाच आहे."

फुमियामानं पहिल्यांदाच तिच्याकडं मान वळवून पाहिलं. "फायदा दोन दिवस. तिसऱ्या दिवशी इथं कावळा फिरकणार नाही. गिऱ्हाईक हरलं म्हणून जात नाही, आशा सुटली म्हणून जातं. गोटी गलीच्या काठावर यायला हवी, तिथं घुटमळायला हवी, आणि मग घसरायला हवी. घरी जाताना माणसाला वाटलं पाहिजे, थोडक्यात हुकलं बुवा."

"म्हणजे लोकांना झुरायला लावता तुम्ही."

"पोटासाठी," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आणि दारापाशी ती दोन मशिनं आहेत ना, ती मी कधीच मिटवत नाही. म्हातारे बसतात तिथं. गोट्यांच्या बदल्यात दिवसाला एक सिगारेटचं पाकीट, एक मासळीचा डबा घरी गेलाच पाहिजे. हे मालकीणबाईंना सांगू नकोस."

"मला माहीत नाही असं वाटतं का रे तुला?" मालकीणबाई मागून म्हणाल्या. त्या कानेमुरा नावाच्या विधवा कोरियन बाई, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. "मी आंधळी आहे का? म्हाताऱ्यांनी शिव्या दिल्या तर धंद्याला लागतात, म्हणून गप्प बसते."

पुढच्या वर्षी हिवाळ्यात एका सकाळी काम आटोपल्यावर तो तिला ट्रामच्या थांब्याजवळच्या टपरीवर चपट्या शेवयांचा रस्सा खायला घेऊन गेला. काचेवर वाफ धरली होती. त्यानं बोटानं दोन अक्षरं लिहिली: फुमियामा. मग त्यातलं दुसरं अक्षर, जे डोंगराचं होतं, ते तळव्यानं पुसून टाकलं. एकच उरलं.

"हे आमच्या कोरियन भाषेत मुन असं वाचतात. मुन पोम-सिक. डोंगर मी खोली भाड्यानं मिळावी म्हणून चढवलाय."

"आणि मिळाली का खोली?"

"डोंगर चढवूनही नाही मिळाली. घरमालकानं आईचं बोलणं ऐकलं."

किनुए हसली, आणि हसल्याबद्दल तिला इतकी लाज वाटली की तिनं वाटीत तोंड खुपसलं. त्या दिवसापासून ती त्याला मनात पोम-सिक म्हणायला लागली. तोंडानं म्हणायला आणखी वर्ष लागलं.

सकाळचे ते तीन तास त्यांचे झाले. तो तिच्या हातात हातोडी द्यायचा. खिळ्याच्या मानेवर ठोकायचं नाही, पोटावर टिचकी द्यायची, आवाज ऐकायचा, खिळा दुखावला की त्याचा आवाज बोदा येतो. तिच्याकडून फळीवर पोचा पडला तर तो काही बोलायचा नाही, नुसता मोठ्यानं उसासा टाकायचा, आणि ते शिवीपेक्षा वाईट लागायचं. तीन वर्षांत ती अशी तयार झाली की तिनं लावलेलं मशीन कुठलं आणि त्यानं लावलेलं कुठलं हे मालकीणबाईंनाही ओळखू येईना. ते दोघं लग्न करणार हे मात्र सगळ्यांनी ओळखलं होतं. किनुएची आई जाळी विणायची. ती फक्त एवढंच म्हणायची, "माणूस चांगला आहे गं. पण शेजारी काय म्हणतील?" आणि पोम-सिकची आई म्हणायची, "पोरगी चांगली आहे रे. पण गावी काय सांगू?" दोन्ही म्हाताऱ्यांचं रडगाणं एकच, भाषा वेगळी.

मग १९५९च्या सप्टेंबरातलं ते वादळ आलं. समुद्र भिंत फोडून आत घुसला. लाकडाच्या वखारीतले ओंडके सुटले आणि पाण्यावरून आगगाडीसारखे घरांत शिरले. बंदर भागात जिथलं कुणी गेलं नाही असं घर शोधावं लागलं. सकाळी किनुए कौलांवर बसली होती. शेजारी आई, कंबर ओंडक्याखाली चेचलेली, ओठ निळे. आणि त्या तपकिरी पाण्यावरून पोम-सिक आला, कुणाच्या तरी घराच्या उखडलेल्या दारावर बसून, फळीनं वल्हवत, मोठमोठ्यानं तिचं नाव घेत. आजवर चारचौघांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. त्या सकाळी सगळ्या आळीनं ऐकलं.

पाणी ओसरायला महिन्यावर दिवस गेले. मिकाझुकीतल्या फळ्या फुगून फाटल्या होत्या. खिळा बोटानं उपसून हातात यायचा. चिखलातून गोट्या वेचून त्या हौदात धुता धुता मालकीणबाई म्हणाल्या, "पोलाद धुता येतं. लाकडाला एकदा पाणी चढलं की ते खिळा धरत नाही. नवीन मशिनं आणावी लागणार. थांबशील ना रे?"

पोम-सिकनं खिशात हात घातला. एक घडी केलेला कागद काढून पुढं केला. त्या हिवाळ्यात तसले कागद सगळ्या कोरियन वस्तीत फिरत होते. मायदेशी चला. घर मिळेल, नोकरी मिळेल, शिक्षण फुकट. जहाज निईगाताहून सुटेल.

"तुझं गाव कुठं?" मालकीणबाईंनी कागद वाचून विचारलं.

"चेजू बेटावर. तुमचंच."

"ते दक्षिणेच्या टोकाला. आणि हे जहाज कुठं जातं? उत्तर कोरियाला! घरी जायचं म्हणून निघालास आणि घराकडं पाठ करून निघालास, असा शहाणा मी आजवर पाहिला नाही."

"दक्षिणेत काय आहे मालकीणबाई? आणि इथं काय आहे?" त्याचा आवाज चढला नाही, पण हातातल्या गोट्या त्यानं हौदात टाकून दिल्या. "बत्तीस वर्षांचा झालो. मला इंजिनिअर व्हायचं होतं. कारखान्यानं नाव वाचून परत पाठवलं. मला खिळे वाकवण्यापलीकडं काही येत नाही, आणि लोकांना झुरवण्यापलीकडं त्या खिळ्यांचा उपयोग नाही. तिथं शिकवणार आहेत. पंप, यंत्रं, धरणं. आई म्हणते, मरायचं तर आपली भाषा बोलणाऱ्यांत."

किनुए ऐकत होती. त्याच्या बोलण्यात तिचं नाव कुठंच नव्हतं, तरी तिला राग आला नाही. त्याला तिनं इतकी वर्षं ज्या नजरेनं खिळ्यांकडं बघताना पाहिलं होतं, त्याच नजरेनं तो त्या कागदाकडं बघत होता.

"मी येते," ती म्हणाली. "आई उठून चालायला लागली की येते."

"मी आधी जातो," तो म्हणाला. "बघतो. मग लिहितो."

नवीन मशिनं आली तेव्हा जायच्या आधी त्यानं ती सगळी स्वतः लावून दिली. शेवटच्या सकाळी दोघं सत्तावीस नंबरच्या मशीनपुढं उभी होती. तो जीवखिळ्यांत मापाची काडी घालून बघत होता.

"पत्रं उघडून वाचतात म्हणे," तो म्हणाला. "मी सगळं छानच लिहिणार. तू त्यावर जाऊ नकोस. शेवटी मी सत्तावीस नंबरबद्दल लिहीन. तेरा लिहिलं तर निघून ये. बारा लिहिलं तर थांब थोडी."

"आणि साडेअकरा?"

"तर नको येऊस." मग तो हसला. "असं काही होणार नाही गं. उगीच आपलं, खिळेवाल्याचा स्वभाव. सगळी मापं सांगून ठेवायची."

मार्चमध्ये नागोयाच्या स्टेशनातून निईगाताची गाडी सुटली. झेंडे होते, बँड होता, पोरंसोरं खांद्यावर होती. पोम-सिकची आई खिडकीत बसून रडत होती आणि हसतही होती. पोम-सिकनं खिडकीतून हात बाहेर काढला. किनुएनं धरला, गाडीबरोबर चालली, मग पळाली, आणि फलाट संपला.

पत्र यायला सात महिने लागले. तोवर किनुए रोज सकाळी एकटी मशिनं लावत होती. एका हातात दिवा, दुसऱ्यात हातोडी. मालकीणबाईंनी दुसरा माणूस शोधलाच नाही. बाई माणूस खिळे लावते म्हणून शेजारचे दुकानदार चेष्टा करायचे. त्यांना त्या म्हणायच्या, "तुमच्याकडं बाप्ये लावतात ना? मग गिऱ्हाइकं माझ्याकडं का येतात?"

पत्र चार पानांचं. घर मिळालं, खिडकी पूर्वेला आहे. आई खूष आहे. मी खाणीतल्या पंपांच्या कामावर आहे. सफरचंदं इथं गोड असतात. किनुए घाईघाईनं वाचत गेली. शेवटच्या पानाच्या तळाशी होतं: "सत्तावीस नंबरची फार आठवण येते. मी जाताना जीवखिळे कितीवर ठेवले होते ते तुला आठवतंच. अकरा."

तिनं पुन्हा वाचलं. साडेअकरा नव्हे. अकरा. गोटी अकराची, फट अकराची. असं माप कुणी खिळेवाला ठेवत नाही. ते माप ठरलंच नव्हतं, ते त्यानं तिथं गेल्यावर शोधलं होतं.

ती मशीनपुढच्या स्टुलावर बसली ती उठेचना. म्हाताऱ्या टोपीवाल्यानं आत येऊन खोकून विचारलं, "बाई, आज उघडायचं नाही का?" तेव्हा तिला दहा वाजून गेल्याचं समजलं.

दोन दिवस ती नुसती रडली असती, पण तेवढीही सवड नव्हती. पोम-सिकची धाकटी बहीण माल-सुन, तिचा नवरा आणि दोन लहान मुली वर्षाअखेरच्या जहाजानं निघणार होत्या. शिवणाचं यंत्र विकून झालं होतं, बोचकी बांधून झाली होती. किनुए पत्र घेऊन तिच्याकडं गेली.

"जाऊ नका," ती दारातच म्हणाली. "त्यांनी कळवलंय."

माल-सुननं पत्र वाचलं, उलटसुलट केलं. "काय कळवलंय? खिडकी पूर्वेला आहे म्हणतोय दादा. सफरचंदं गोड म्हणतोय."

"शेवटची ओळ वाचा."

"खिळ्याचं काहीतरी आहे." माल-सुनचे डोळे बारीक झाले. "हे बघा किनुएबाई, तुम्हाला जायला मिळालं नाही, म्हणून आम्ही पण कुजायचं का इथं? माझ्या पोरींना शाळेत दगड मारतात. तुम्हा जपान्यांच्या पोरींना मारतात का? तुम्हाला काय कळणार!"

माल-सुनचं म्हणणं खरं होतं. किनुए म्हणाली, "उद्या सकाळी एकदा दुकानात या. एकदाच. मग काय करायचं ते करा."

माल-सुन आली, ती बहुतेक भांडायलाच. मालकीणबाई गल्ल्याजवळ हाताची घडी घालून उभ्या होत्या. किनुएनं सत्तावीस नंबरची काच उघडली, हातोडी घेतली, आणि प्रत्येक गलीवरच्या जीवखिळ्यांना टिचक्या देत त्यांना एकमेकांकडं आणलं. अकराची काडी घालून पाहिली. काच लावली. मग गोट्यांनी भरलेलं एक घमेलं माल-सुनपुढं ठेवलं.

"खेळा."

"मला येत नाही."

"यात शिकण्यासारखं काही नाही. आत टाका, दांडा दाबा."

माल-सुननं दांडा दाबला. गोटी वर गेली, खिळ्यांवरून नाचत खाली आली, फळीवरच्या भिरभिऱ्याला धडकून गलीवर आली, दोन खिळ्यांच्या डोक्यावर बसली, आणि घरंगळली. दुसरीही तशीच आली आणि बाजूला गेली. तिसरी तर तिथं बसूनच राहिली, पुढच्या गोटीनं धक्का देईपर्यंत. माल-सुन आधी नाराजीनं, मग जिद्दीनं, मग वेड लागल्यासारखी दांडा दाबत राहिली. पन्नास झाल्या, शंभर झाल्या. एकही आत गेली नाही. घमेलं अर्धं झालं तेव्हा तिचा हात थांबला.

"एक तरी जाईल ना?" ती हळूच म्हणाली.

"नाही जाणार. जागाच नाही. तुमच्या दादानं सगळ्या जपानात असं मशीन कधी लावलं नाही. त्याला गिऱ्हाइकाची दया होती." किनुएनं अकराची काडी तिच्यापुढं ठेवली. "तेरा लिहिलं तर ये, असं ठरलं होतं आमचं. साडेअकरा लिहिलं तर येऊ नकोस. त्यानं अकरा लिहिलंय. त्याला साडेअकरा लिहायला काही जड नव्हतं हो. त्याला ते पुरेसं वाटलं नाही."

मालकीणबाईंनी पाठ फिरवली आणि कुठलासा कागद उगीचच खालीवर केला. माल-सुन काचेवर कपाळ टेकून बसली होती. तशीच ती म्हणाली, "वहिनी, आईला दादानं तिथं नेलंय."

"हो."

"आणि आता काय?"

"आता काही नाही," किनुए म्हणाली. "आता तुम्ही जायचं नाही."

माल-सुनच्या नवऱ्यानं महिनाभर आदळआपट केली, पण जहाज त्यांच्याविना गेलं.

नंतरची वर्षं सांगायची म्हटलं तर मशिनांचीच सांगावी लागतील, कारण किनुएची वर्षं त्यातच गेली. गल उघडून मिटणाऱ्या पाकळ्या आल्या. त्यांना लोक ट्युलिप म्हणायला लागले. गोटी आत गेली की दोन पाकळ्या उघडायच्या, पुढची गेली की मिटायच्या. म्हातारे हमाल त्यावर अगदी खुळावले. मग गोट्या आपोआप वर नेणारे पट्टे बसले, आणि मागचा बोळ बंद झाला. पोरी घरी गेल्या. मग दांडा जाऊन विजेची मूठ आली. हात नुसता ठेवायचा, गोट्या आपल्या उडत राहणार. किनुए हे सगळं पोम-सिकला लिहायची. शब्दांत कमी, चित्रांत जास्त. ट्युलिपचं चित्र तिनं चार बाजूंनी काढलं होतं. पत्रांच्या सोबत मोजे जायचे, सुया जायच्या, पोटाची औषधं जायची. त्याची उत्तरं आधी वर्षाला दोन आली, मग एक. आई गेल्याचं एका पत्रात होतं. लग्न केल्याचं एकात, दोनच ओळींत. त्या ओळींचं अक्षर बाकी पत्रापेक्षा बारीक होतं. मुलगी झाल्याचं एकात. आणि १९७३ नंतर काहीच नाही.

तिची स्वतःची आई वादळानंतर सात वर्षं अंथरुणावर जगली. ती गेल्यावर एका जहाज कंपनीतल्या विधुर कारकुनाकडून मागणी आली. माणूस भला होता. माल-सुननंच तिला समजावलं, "वहिनी, दादानं तिकडं संसार मांडला. तुम्ही का थांबलाय?"

"मी थांबलेली नाही," किनुए म्हणाली. "माझं काम चालू आहे." पण कारकुनाला तिनं नाही म्हणून कळवलं, आणि का, ते तिला सांगता आलं नाही. संध्याकाळी कुणी कोरियन सुरात बोलताना ऐकलं की तिची मान अजून वळायची. गोटी काठावर येऊन घुटमळली की अजून तिचा श्वास अडायचा, आणि ती तर तिनंच घुटमळायला लावलेली असायची.

१९८२ साली नातेवाइकांना भेटीसाठी न्यायला उत्तर कोरियाचं पांढरं जहाज निईगाताला येत होतं. माल-सुननं अर्ज केला, आणि तिला मिळालं. किनुएला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. कागदावर ती कुणाचीच कुणी नव्हती.

दोन आठवड्यांनी माल-सुन परत आली ती थेट मिकाझुकीत. मालकीणबाई आता ऐंशीच्या घरात, गल्ल्याजवळच्या खुर्चीतच दिवस काढायच्या. तिघींनी चहा घेतला.

"दोन तास दिले," माल-सुन म्हणाली. "हॉटेलच्या खोलीत. एक सरकारी साहेब सगळा वेळ बाजूला बसलेला. दादा चोपन्न वर्षांचा, सत्तरचा दिसतो. केस गेले. बायको वारली त्याची, तीन वर्षं झाली. पंपांच्याच कामावर आहे. मी म्हटलं कसा आहेस, तर म्हणे उत्तम. मी म्हटलं काय हवंय, तर म्हणे काही नको. मी रडायला लागले, तर त्या साहेबाकडं बघून हसला."

"बस, एवढंच?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मग त्यानं मला विचारलं, ट्युलिप उघडतं ते कशानं? स्प्रिंगनं की वजनानं?" माल-सुननं नाक पुसलं. "मला काय माहीत! म्हणे किनुएनं चित्रं पाठवली होती, ती सगळी आहेत. पण तिनं मागची बाजू काढली नाही. वीस वर्षं विचार करतोय म्हणे. त्यानं लाकडाचं करून पाहिलं, मुलीसाठी. उघडतं, पण मिटत नाही. बाकीचा सगळा वेळ तो हेच बोलत बसला वहिनी. वर किती जाडीची पट्टी, खाली काय. साहेबाला जांभया यायला लागल्या. मला इतका राग आला! बावीस वर्षांनी भेटतोस आणि मशिनं काय रे विचारतोस!"

किनुए हसायला लागली. तोंडावर पदरासारखा हातरुमाल धरून ती हसत राहिली, आणि मालकीणबाईंनी चहाचा पेला तिच्या हातातून हळूच काढून घेतला तेव्हा कुठं कळलं की ते हसणं नव्हे.

"वजनानं रे बाबा," ती म्हणाली, जणू तो समोर बसला होता. "वजनानं. मागं जिभेसारखी एक पट्टी असते. गोटी तिच्यावर पडते आणि ती कलते. स्प्रिंग नाहीच त्यात."

पुढच्या वर्षी माल-सुन पुन्हा निघाली तेव्हा किनुए तिच्याबरोबर निईगातापर्यंत गेली. दुकानात तेव्हा आकडे फिरणारी नवी मशिनं लागत होती. तीन आकडे जुळले की गोट्यांचा पूर. आकडे कधी जुळायचे ते आतली वीज ठरवायची, खिळ्यांना फारसं विचारत नव्हतं कुणी. भंगारात निघालेल्या जुन्या मशीनमधलं एक ट्युलिप तिनं सोडवून, तेल घालून, लोकरीच्या मोज्यात गुंडाळलं होतं.

धक्क्यावरच्या तपासणीत साहेबानं मोजा उलटा केला. "हे काय?"

"खेळणं," माल-सुन म्हणाली. "भाचीसाठी."

"भाची केवढी?"

"बारा वर्षांची."

साहेबानं पाकळ्या बोटानं उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. मग परत मोज्यात घातलं.

माल-सुन शिडी चढून गेली. वरून तिनं हात हलवला, मग गर्दीत दिसेनाशी झाली. दुपारचं ऊन पाण्यावर पसरलं होतं. दोर सुटले. धक्क्याच्या कठड्याशी बरीच माणसं होती, बहुतेक म्हातारी. किनुएच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईनं पिशवीतून बांबूच्या पानात बांधलेले गोड लाडू काढले आणि एक तिच्यापुढं केला.

"घ्या. कुणाला सोडायला आलात?"

"नणंदेला."

"आणि तिकडं कोण आहे तुमचं?"

किनुएनं पानाचा दोरा सोडला. हा प्रश्न तिला तेवीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. ओळखीच्यांना माहीत होतं, अनोळख्यांना गरज नव्हती.

"माझा माणूस," ती म्हणाली.

"हो का," बाई म्हणाली. "माझी थोरली बहीण आहे. तिला सुतळीच्या गाठी मारता यायच्या नाहीत, या लाडवांच्या. मीच मारून द्यायची."

जहाज वळून बंदराच्या तोंडातून बाहेर पडत होतं. दोघी कठड्याला टेकून खात उभ्या राहिल्या, आणि ती बाई बहिणीबद्दल सांगत राहिली.